पुस्तक जुनं की आवृत्ती जुनी?

आखाजी जवळ आली की आमच्या शिरपूरला घरोघरी दोन कामं निघतात. गच्चीवर पापड-कुरडया वाळत पडतात आणि माळ्यावरून मुलांची जुनी पुस्तकं खाली येतात. जावेच्या मुलाची पुस्तकं आपल्या मुलाला, आपल्या मुलीची शेजारच्या मुलीला, अशी देवाणघेवाण सुरू होते. चांगली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही, हे वळण आपल्याला आई-सासूकडूनच लागलेलं असतं. त्यातून आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांतून पुस्तकं मोफत मिळतात. नववी लागली की मात्र संच विकत घ्यावा लागतो. घरात दोन-तीन शिकणारी मुलं असली म्हणजे जूनचा खर्च कसा अंगावर येतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

परवा शेजारच्या वहिनी असंच एक पुस्तक घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हीच सांगा. बहिणीच्या मुलाचं दहावीचं विज्ञान आहे. कव्हर गेलंय, कोपरे कुरतडलेत. आमच्याकडे चालेल, की नवं घेऊ?"

मी पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उलटून आतली बारीक अक्षरं वाचली आणि म्हटलं, "चालेल. खाकी कागद घाला आणि द्या मुलाला."

वहिनींना नवल वाटलं. "इतक्यात? धडे तर पाहिलेच नाहीत तुम्ही!"

जिथे पाहायचं तिथे मी पाहिलं होतं. ही सवय मला लागली ती माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती चूक आज तुम्हाला सांगते, कारण ती कोणाच्याही घरात होऊ शकते.

गोष्ट २०१८ सालची. माझा पुतण्या त्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसला होता. मुलगा टापटिपीचा. त्याचं विज्ञानाचं पुस्तक इतकं कोरं करकरीत, की दुकानातून आत्ताच आणलंय असं वाटावं. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी त्याच वेळी नववी पास होऊन दहावीत जाणार होती. पोरगी हुशार. बापाचं छत्र नाही, आई पाच घरची कामं करते. मी ठरवलं, आखाजीला हिला साडी-चोळीपेक्षा पुस्तकं द्यावीत. सणाच्या दिवशी मावशींच्या हाती सगळा संच ठेवला. मावशींनी तो डोक्याला लावला. मला अगदी धन्य धन्य वाटलं, खोटं कशाला सांगू!

पोरीने सुट्टी सत्कारणी लावली. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन तुम्हा खानदेशी मैत्रिणींना ठाऊकच आहे. दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा उन्हात ही पोर आमच्या जिन्याखालच्या गारव्याला बसून विज्ञान वाचायची. एकदा मला म्हणाली, "काकू, यातला आम्ल-आम्लारीचा धडा आम्हाला नववीत झालाय. पुन्हा कसा आला?"

मी पुरणाच्या गडबडीत होते. म्हटलं, "बरंच झालं की. उजळणी होईल."

मैत्रिणींनो, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा पाचवी-सहावीचे तास घेत असे, तेही अर्धवेळ. दहावीचं पुस्तक बदलणार, हे कानावर आलं होतं. पण बदललं तर कितीसं बदलेल, दोन धडे इकडे-तिकडे, असा माझा समज. आणि त्या कोऱ्या पुस्तकाकडे पाहून ते जुनं झालंय असं मनातसुद्धा येत नव्हतं.

जून उजाडला, शाळा सुरू झाली. चार दिवसांनी मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, पोर दोन दिनपाईन नीट जेवस नही." मी पोरीला बोलावून घेतलं. आधी काही सांगेना. मग हळूच म्हणाली, "काकू, वर्गात सरांनी पहिला धडा काढायला सांगितला. गुरुत्वाकर्षण. माझ्या पुस्तकात तो पहिला नाहीच. सगळ्यांची दोन-दोन पुस्तकं आहेत, भाग एक आणि भाग दोन. माझं एकच. मी दप्तरातून काढलंच नाही."

दोन दिवस ती पोर पुस्तक न काढता बसली होती. का, तर सरांनी विचारलं असतं, कुणी दिलं हे? मग माझं नाव सांगावं लागलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या वर्षी दहावीचं पुस्तक नुसतं दुरुस्त झालं नव्हतं, आख्खं नवीन आलं होतं. त्याच्या आधीचं पुस्तक २०१३ चं; २०१८ ला 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' दोन भागांत झालं. भाग एकमध्ये गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, विद्युतधारा, उष्णता, भिंगे असे दहा धडे. भाग दोनमध्ये आनुवंशिकता व उत्क्रांती, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण असे दुसरे दहा. अवकाश मोहिमा आणि सामाजिक आरोग्य यांना स्वतंत्र धडे मिळाले. आणि आम्ल-आम्लारीचं म्हणाल, तर नववीचं पुस्तक आदल्या वर्षीच, २०१७ ला, बदललं होतं आणि तो धडा त्यात गेला होता. पोर बरोबर बोलली होती. तिने विचारलेल्या प्रश्नातच उत्तर होतं, पण ऐकायला काकूला वेळ नव्हता.

पुढे काय केलं ते सांगते. त्याच संध्याकाळी नवे दोन्ही भाग आणले. रविवारी दुपारी ती आणि मी सतरंजी टाकून बसलो. एकीकडे जुन्या पुस्तकाची अनुक्रमणिका, एकीकडे नव्याची. पेन्सिलीने जोड्या लावायला घेतल्या. विजेचा धडा इथेही आहे, तिथेही आहे. प्रकाश आणि भिंगे आहेत. धातू आहेत. कार्बनी संयुगे आहेत. आनुवंशिकता आहे. आवर्तसारणी आहे. जोड्या लावता लावता पोरीचा चेहरा उजळत गेला. अर्ध्याहून अधिक सुट्टी वाया गेलेली नव्हती. जे नव्यात होतं आणि जुन्यात नव्हतं, त्यावर आम्ही लाल खूण केली आणि सहामाहीपर्यंत आधी तेवढंच धरायचं ठरवलं.

पण एक गोष्ट मी त्या दिवशी शिकले, आणि तीच आज तुमच्या पदरात टाकायची आहे. पुस्तक जुनं असणं वेगळं आणि आवृत्ती जुनी असणं वेगळं. पुतण्याचं पुस्तक एकच वर्ष वापरलेलं होतं, पण त्याची आवृत्ती संपली होती. वहिनींनी परवा आणलेलं पुस्तक चार हातांतून फिरलेलं, कोपरे गेलेलं. पण आवृत्ती चालू. साडीचा पोत बघून आपण साडी नवी की जुनी ते ओळखतो. पुस्तकाचं तसं नाही. त्याची जन्मतारीख आत लिहिलेली असते.

ती कुठे पाहायची?

पाठ्यपुस्तक उघडलं, की सुरुवातीलाच एका पानावर बारीक अक्षरांत मंडळाचं नाव आणि पत्ता असतो. आपल्या राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे 'बालभारती', पुण्याचं, २७ जानेवारी १९६७ ला स्थापन झालेलं. त्या पानावर दोन शब्द शोधा: 'प्रथमावृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण'. प्रथमावृत्ती म्हणजे हे पुस्तक या रूपात पहिल्यांदा आलं ते साल. पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुस्तक पुन्हा छापलं ते साल. एकाच डब्याच्या साच्यातून दर वर्षी नवे डबे निघावेत, तसं. पुनर्मुद्रणात एखादी किरकोळ दुरुस्ती होऊ शकते, पण धडे आणि त्यांचा क्रम साधारण तोच राहतो.

म्हणजे पुस्तक घेताना पुनर्मुद्रणाचं साल काहीही असो, प्रथमावृत्तीचं साल वर्गातल्या पुस्तकाशी जुळलं पाहिजे. प्रथमावृत्ती २०१८ आणि पुनर्मुद्रण २०१९ असलेलं दहावीचं पुस्तक पुढे कितीतरी वर्षं बिनघोर चाललं. उलट, प्रथमावृत्ती २०१३ ची आणि पुनर्मुद्रण २०१७ चं असलेलं पुस्तक २०१८ च्या जूनमध्ये परीक्षेपुरतं बाद झालं, मग ते कितीही करकरीत का असेना.

आता जुनं पुस्तक घेण्याआधी एवढ्या गोष्टी करा:

एक. मुलाच्या शाळेत किंवा त्याच वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आईकडे चौकशी करा, यंदा कोणती आवृत्ती आहे. आता तर सोपं झालंय. व्हॉट्सअॅपवर त्या बारीक अक्षरांच्या पानाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो मागवा.

दोन. दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून धड्यांची नावं आणि क्रम जुळवा. पाच मिनिटांचं काम. शेजारी कोणी नसेल, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर चालू पुस्तकं मोफत पाहायला आणि उतरवून घ्यायला मिळतात.

तीन. भाग किती आहेत ते मोजा. दहावीचं विज्ञान दोन भागांत, तेव्हा एकच भाग घेऊन घरी येऊ नका. आठवीपर्यंतच्या पुस्तकांत तर २०२३ च्या जूनपासून दोन वर्षं वेगळीच तऱ्हा होती. मधेमधे वहीची कोरी पानं घातलेली आणि संच चार भागांत विभागलेले. २०२५-२६ पासून ती पद्धत बंद झाली. कोणी त्या दोन वर्षांतला संच दिला, तर चारही भाग आहेत ना ते पाहून घ्या, आणि कोऱ्या पानांवर आधीच्या मुलाने काय लिहून ठेवलंय तेही.

चार. पुस्तकात फुल्या मारलेले धडे असतील तर फसू नका. करोनाच्या काळात, २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांत, अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केला होता. त्या वर्षीच्या मुलांनी आपापल्या पुस्तकांत 'हे वगळले' अशा खुणा करून ठेवल्या आहेत. ती सूट तेवढ्या दोन वर्षांपुरती होती. तुमच्या मुलाने त्या फुल्या खऱ्या मानल्या, तर ऐन परीक्षेत तोच प्रश्न समोर यायचा! फुल्या खोडरबराने पुसा. शाईच्या असतील तर शेजारी स्पष्ट लिहा, 'हे आहे'.

पाच. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचांनाही हाच नियम लावा. मूळ पुस्तक बदललं की त्याच्यावरचं गाईडही बदलतं. पुस्तक नवं आणि गाईड जुनं, असा जोडा घरात नको.

आणखी एक. राज्यात २०२५ पासून पुन्हा नवी पुस्तकं यायला सुरुवात झाली आहे. पहिलीपासून आरंभ झाला आणि इयत्तांमागून इयत्ता टप्प्याटप्प्याने बदलायच्या आहेत. तेव्हा 'मोठ्याचं पुस्तक धाकट्याला होईल' म्हणून जपून ठेवलं असेल, तर मधल्या वर्षांत ते बदललं नाही ना, ही खात्री दर जूनमध्ये करायची.

आता तुम्ही विचाराल, की बाई, विज्ञान ते विज्ञान. दगड वर फेकला तर खालीच पडणार. मग पुस्तक सारखं सारखं बदलायचं कशाला?

त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे कोणत्या वर्गात काय शिकवायचं, ही मांडणी बदलते. आम्ल-आम्लारी दहावीतून नववीत गेलं, ते असं. स्वयंपाकघर तेच, फक्त डब्यांच्या जागा बदलल्या. पण दुसरं कारण मोठं आहे. विज्ञानात माणसाला नवं कळत जातं, आणि कधी कधी जुनं चुकलेलंही कळतं.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? आज नववीतलं मूलही सांगेल, ४६. पण १९५६ पर्यंत जगभरच्या पुस्तकांत ४८ छापलेलं असे. त्या वर्षी त्यो आणि लेव्हान या दोघा शास्त्रज्ञांनी स्वीडनमध्ये नीट मोजून ४६ दाखवली. तीसेक वर्षं शहाणी माणसं सूक्ष्मदर्शकातून पाहत होती आणि ४८ च म्हणत होती, कारण पुस्तकात तसं होतं!

आपण शाळेत ग्रह नऊ म्हणून पाठ केले. २००६ मध्ये प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळलं आणि ग्रह आठ झाले. २०१६ मध्ये चार नव्या मूलद्रव्यांना अधिकृत नावं मिळाली आणि आवर्तसारणीची सातवी ओळ पूर्ण भरली. मूलद्रव्यं ११८ झाली. किलोग्रॅमचं तर आणखीच मजेचं. पॅरिसजवळ सेव्र गावी प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा जपून ठेवला होता, त्याचं वजन म्हणजे एक किलो. २० मे २०१९ पासून ती व्याख्या गेली आणि किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरू लागला. आपल्या वाण्याच्या तराजूत त्यामुळे एक दाणाही इकडचा तिकडे झाला नाही, पण पुस्तकातलं वाक्य मात्र जुनं झालं.

माझ्या आईच्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे. माझ्या दंडावर तो नाही, बीसीजीचा आहे. आई शाळेत होती तेव्हा देवी हा रोग 'आहे' असं शिकवत. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं, आणि पुस्तकातला 'आहे' पुसून 'होता' झाला. एका क्रियापदाच्या मागे केवढी माणसं राबली असतील! अशा बदलासाठी पुस्तक नवं घ्यावं लागलं, तर त्या खर्चाचं मला तरी वाईट वाटत नाही.

पण म्हणून नवं ते सगळं चांगलं आणि जुनं ते रद्दी, असंही समजू नका. नवं पुस्तकही छापून झालं की त्याच दिवशी जुनं व्हायला लागतं. २०१८ च्या पुस्तकात अवकाश मोहिमांचा धडा आला, पण चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं ते २३ ऑगस्ट २०२३ ला. पाच वर्षं आधी लिहिलेल्या धड्यात ते कुठून येणार? ते मुलांना आपणच सांगायचं.

आणि कधी कधी नव्यात जुन्यापेक्षा कमी असतं. आता आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या शाळा झाल्या. तिथे दिल्लीच्या एनसीईआरटीची पुस्तकं लागतात. २०२३ साली त्यांचं दहावीचं विज्ञान नव्याने छापून आलं, तेव्हा त्यातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा काढलेला होता आणि आनुवंशिकतेच्या धड्यातला उत्क्रांतीचा भागही नव्हता. मुलांवरचा ताण कमी करायचा, हा विषय अकरावी-बारावीत येतोच, असं कारण दिलं गेलं. देशभरातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी उत्क्रांती वगळू नका असं पत्र काढलं. आपल्या राज्याच्या २०१८ च्या पुस्तकात मात्र हे दोन्ही धडे आहेत.

जिचं मूल सीबीएसईत दहावीला आहे, तिने काय करायचं? परीक्षेला नवं पुस्तक घ्यायचंच. पण कोणी जुनं देत असेल तर तेही हसतमुखाने घ्या आणि त्यातला आवर्तसारणीचा धडा सुट्टीत मुलाकडून वाचून घ्या. पुढे अकरावीला विज्ञान घ्यायचं असेल, तर ही ओळख उपयोगी पडेल. दहावी ही ज्यांची विज्ञानाची शेवटची इयत्ता असेल, त्यांनी तर जरूर वाचावा. नाहीतर तो धडा त्यांना जन्मात भेटणार नाही.

म्हणजे हिशेब सोपा आहे. पुस्तक कशासाठी हवं, ते आधी ठरवा. परीक्षेसाठी हवं असेल तर वर्गातली आवृत्तीच हवी, मग ती फाटकी का असेना. समजण्यासाठी हवं असेल तर जुनी आवृत्तीही घरात असू द्या. एका पुस्तकात समजलं नाही ते दुसऱ्यात समजतं. एकीची भाकरी फुगत नाही आणि दुसरीने हात धरून दाखवला की फुगते, तसंच हे. ओहमचा नियम १८२७ सालचा आहे. त्याच्यावरची उदाहरणं कोणत्याही आवृत्तीतून सोडवा, उत्तर एकच येईल. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा होतो, याला कोणती आवृत्ती लागते? हा प्रयोग तर आपल्या मोरीत रोज होतो. मुलाला हाक मारून दाखवा आणि सांगा, बघ, हेच तुझ्या पुस्तकातलं आम्लारी आणि आम्ल. फक्त जुन्या पुस्तकावर बाहेरून ठळक लिहून ठेवा, 'वाचनासाठी'. म्हणजे घाईत दप्तरात भलतंच जायचं नाही.

पुस्तकं पुढच्यासाठी ठेवायची असतील, तर थोडी काळजी घ्यावी. निकाल लागला की लगेच झटकून, सावलीत वारा देऊन, कोरड्या पेटीत ठेवावीत. कडक उन्हात घातली तर कागद पिवळा पडतो. मधेमधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. कसर लागत नाही. पाला ओलसर मात्र नको, नाहीतर बुरशी यायची. सुटलेली पानं कणकेच्या खळीने चिकटवून वर वजन ठेवावं. आणि माझी एक नवी सवय सांगते. पुस्तक पेटीत ठेवतानाच कव्हरवर पेन्सिलीने प्रथमावृत्तीचं साल लिहून ठेवते. दोन वर्षांनी काढताना डोकं खाजवत बसावं लागत नाही.

शेवटचं सांगायचं ते देण्याबद्दल. आपण कुणाला भाजी देतो, तेव्हा किडकी पाहून देतो का? निवडून देतो. मग पुस्तक का न पाहता द्यावं? घेणारीला परत विचारण्याची सोय नसते. दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं, या भिडेपोटी ती गप्प राहते, आणि तिचं मूल वर्गात पुस्तक न काढता बसतं. देताना आपल्याला जो आनंद होतो, त्याची किंमत दुसऱ्याच्या पोराने का मोजावी? दोन मिनिटं त्या बारीक अक्षरांवर घालवली, तर आपलं देणं खरं देणं होतं. आवृत्ती जुनी असेल तर तसं सांगून द्या, "परीक्षेला चालणार नाही, पण वाचायला छान आहे." त्यात कमीपणा नाही.

तुम्हाला त्या पोरीचं पुढे काय झालं याची उत्सुकता असेल. दहावी तिने चांगल्या गुणांनी पार केली. विज्ञानात थोडे कमी पडले, पण बोर्डात येण्याची तिची हौस नव्हतीच. पुढे औषधनिर्माणाची पदविका केली आणि आता एका औषधांच्या दुकानात काम करते. गेल्या आखाजीला आमच्याकडे आली होती. पिशवीत विज्ञानाची दोन पुस्तकं, भाग एक आणि भाग दोन, तीच, मी त्या जूनमध्ये आणलेली. मावशी आता जिथे कामाला जातात, तिथल्या वॉचमनच्या मुलीला द्यायला निघाली होती.

मी काही बोलायच्या आत तिने पहिलं पान उलटून माझ्यासमोर धरलं. "काकू, शाळेत विचारून आलेय. हीच आवृत्ती चालू आहे."

मी पाहिलं. पानाच्या कोपऱ्यात त्या रविवारची लाल पेन्सिलीची खूण अजून होती. मी आत गेले आणि दोन पुरणपोळ्या डब्यात भरून तिच्या पिशवीत ठेवल्या. एक तिच्यासाठी आणि एक त्या मुलीसाठी.

आता तुम्हीही उठा. माळ्यावरची पुस्तकं काढलीच असतील, तर द्यायच्या आधी एकेकाचं पहिलं पान उलटून पाहा.